दसऱ्यातून सत्तावन्न दिवस वजा

माझा पहिला प्रोग्रॅम एका ओळीचा होता, आणि तीसुद्धा चालली नाही.

दुपारची भांडी आवरून मी पडवीत बसले होते. जावईबापूंनी आदल्या रविवारी माझ्या मोबाईलवर एक ॲप टाकून दिलं होतं. त्यात पायथन नावाची भाषा लिहायची. पहिला धडा काय, तर इंग्रजीत प्रिंट लिहायचं, कंस करायचा आणि कंसात आपल्याला हवं ते वाक्य टाकायचं. मी 'राम राम' लिहिलं, देवाचं नाव घेऊन बटण दाबलं, आणि खाली लाल अक्षरांच्या ओळीच ओळी आल्या. म्हटलं, गेला मोबाईल! आता ह्यांना काय सांगू?

जावयांना फोन लावला. ते म्हणाले, "आई, काही बिघडलेलं नाही. वरचं सगळं सोडा, फक्त शेवटची ओळ वाचा." शेवटच्या ओळीचा अर्थ असा, की हे प्रिंट म्हणजे कोण, मी ओळखत नाही. अस्सं होय! मोबाईलनं आपल्या मनानं पहिलं अक्षर मोठं करून ठेवलं होतं. ते मी बारीक केलं आणि परत दाबलं.

राम राम.

अहो, काय सांगू तुम्हाला! मी अशी काही ओरडले की आत झोपलेले आमचे हे लुंगी सावरत बाहेर आले. "काय झालं? इंचू चावला का?"

"विंचू नाही, प्रोग्रॅम चालला!"

ह्यांनी लुंगीची गाठ मारली. मग म्हणाले, "मंग आता काय करायचं त्येचं?" त्या दुपारी मी मोबाईलकडून वीस वेळा राम राम करून घेतला.

आता हे सगळं मी का करत होते ते सांगते, नाहीतर म्हणाल, पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईला कसलं हे खूळ. आमचं रान दौंड तालुक्यात, खुटबावच्या पुढं. पाणी कॅनॉलचं, त्यामुळं जिकडं बघाल तिकडं ऊस. घरचा कारभार थोरल्या दिरांच्या हातात. सगळी वस्ती त्यांना आप्पा म्हणते, आम्हीही. रस्त्याकडेचे दहा गुंठे मला झेंडूला द्या, म्हणून मी दोन वर्षं ह्यांच्यामार्फत आप्पांच्या मागं लागले होते. ह्यांच्यामार्फत म्हणजे काय, तर आमच्याकडं थोरला दीर धाकट्या भावजयीशी सरळ बोलत नाही. ती दारात उभी असली तरी तो भावाला सांगणार, "तिला म्हणावं असं कर." लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, आप्पांचं माझ्याशी एक वाक्य झालेलं नव्हतं.

शेवटी एकदाचे दहा गुंठे मिळाले. मी जिवापाड झेंडू केला. आणि फुलं फुलली दसऱ्याच्या चार दिवस नंतर! काय दिसत होतं रान, केशरी नुसतं. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी ज्या फुलासाठी लोक भांडतात, ते चार दिवसांनी फुकट दिलं तरी कोणी नेत नाही. कॅरेटच्या कॅरेट फुलं मी उकिरड्यावर ओतली. ओतताना रडले, खोटं कशाला बोलू.

त्या संध्याकाळी आप्पा ओट्यावर बसून ह्यांना म्हणाले, "बाईमाणसाचा अंदाज हाय त्यो. आजून एक दसरा देतो. गाठला तर धा गुंठं तिचं, कायमचं. हुकला तर उसाच्या सऱ्या पाडायच्या, परत इषय न्हाई." मी दाराआड उभी होते. माझं डोकंच तापलं. अंदाज म्हणे!

आमच्या मुलीचं लग्न नुकतंच झालेलं. नवराबायको शिक्रापूरला दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहतात. जावई तिथल्या एका कंपनीत आहेत, मशीनवरचे आकडे गोळा करणारे प्रोग्रॅम लिहितात. एकदा घरी आले तेव्हा मी कॅलेंडर मांडीवर घेऊन बोटं मोजत बसले होते. दसऱ्यापासून मागं मागं जायचं, भादव्यात चुकायचं, परत पहिल्यापासून. ते बघून म्हणाले, "आई, ह्याचा प्रोग्रॅम होईल. मी करून देतो."

मी म्हटलं, "करून देऊ नका. मला शिकवा."

तुम्ही करून दिलात की आप्पा म्हणणार, जावयानं केलं. मग दहा गुंठे जावयाचेच की! हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही, पण मनात तेच होतं. शिवाय मी एक अटही घातली. "माझं चुकलं तर लगेच सांगायचं नाही. मी शोधीन. तुम्ही सांगितलंत की माझ्या डोक्यात राहत नाही." जावई लाजाळू, लग्नाला वर्षही झालेलं नाही, ते काय बोलणार! "हो आई" म्हणाले.

त्यांनी सुरुवातीलाच एक गोष्ट सांगितली आणि ती लाखमोलाची निघाली. म्हणाले, "आई, अख्खी भाषा शिकायला बसू नका. तुमचा एक प्रश्न आहे ना, झेंडू कधी लावायचा? तेवढाच धरा. तो सुटायला जे लागेल तेवढंच शिका." मी आधी शहाणपणा करून हिंदीतले व्हिडिओ लावले होते. तो माणूस इतका भरभर बोलायचा की मला वाटायचं त्याची यष्टी सुटतेय. ते बंद केलं. रोज दुपारी अर्धा तास, एक वही, एक पेन आणि मोबाईल. एका दिवशी एकच नवी गोष्ट. जी चूक होईल तिची शेवटची ओळ वहीत उतरवायची आणि शेजारी आपल्या भाषेत लिहायचं: कंस बंद केला नाही. नाव दोन ठिकाणी वेगवेगळं लिहिलं. आकड्यात आणि अक्षरात बेरीज केली. पंधरा दिवसांत चुकांची तीन पानं भरली, आणि गंमत अशी, की चौथ्या पानापासून त्याच त्याच चुका यायला लागल्या. म्हणजे नव्या चुका संपत आल्या होत्या की!

मग आले डबे. प्रोग्रॅममध्ये एखादा आकडा ठेवायचा तर त्याला नाव देऊन ठेवतात, त्याला काहीतरी इंग्रजी शब्द आहे, मी डबा म्हणते. जावई म्हणाले, "नाव जे द्याल तेच आत असलं पाहिजे. कॉम्प्युटर आत डोकावून बघत नाही." मी म्हटलं, मग त्याला माझ्या स्वयंपाकघरात आणूच नका. माझ्याकडं बिस्किटाच्या डब्यात हरभऱ्याची डाळ असते आणि चहाच्या डब्यात जिरं. मुलगी फोनवर खो खो हसली. ती त्याच डब्यांना फसून मोठी झालीय.

ज्या दिवशी तारखा शिकले त्या दिवशी तर मी वेडीच झाले. एका तारखेतून दुसरी वजा केली की मधले दिवस पुढ्यात! महिना तिसाचा की एकतिसाचा, काही बघायला नको. मी आधी आमच्या लग्नाची तारीख टाकली. संध्याकाळी हे आल्या आल्या सांगितलं, "नऊ हजार आठशे चोपन्न दिवस झाले तुम्हाला सहन करतेय."

हे चपला काढता काढता म्हणाले, "आन् मी?"

"तुम्हीही तेवढेच."

"मंग बरोबर हाय मशीन," हे म्हणाले.

आता खरा हिशेब. रोपं मी आणते तळेगाव ढमढेऱ्याकडच्या एका नर्सरीतून. नर्सरीवाले मामा सांगायचे, लागवडीपासून फुलांचा भर यायला पंचावन्न दिवस, आणि माझ्या वहीतही तेच उतरलेलं होतं. फूल दसऱ्याच्या दोन दिवस आधी तोडायला हवं. म्हणजे दसऱ्यातून सत्तावन्न दिवस वजा केले की लागवड. त्याच्या वीस दिवस आधी नर्सरीत बी पडायला हवं, आणि आदल्या दिवशी ट्रॅक्टरनं सऱ्या पाडून व्हायला हव्यात. मी चार डबे केले, दसरा, लागवड, रोपं, ट्रॅक्टर, आणि प्रोग्रॅम लिहिला. अकरा ओळी! एकही लाल अक्षर नाही! मी उठून पडवीत दोन फेऱ्या मारल्या. शाळेत गणिताला मला कधी पस्तीसच्या वर मिळाले नाहीत हो.

आणि इथंच माझ्या डोक्यात हवा गेली. जावयांनी शिकवताना त्यांच्या कंपनीतलं उदाहरण दिलं होतं. एका मशीनचं तेल वर्षातून एकदा बदलतात, म्हणून गेल्या तारखेत तीनशे पासष्ट मिळवायचे की पुढची तारीख. मला ते इतकं आवडलं, की मी दसऱ्याच्या डब्यातही तेच केलं. गेल्या सालचा दसरा, अधिक तीनशे पासष्ट. हे शेजारी बसले होते. म्हणाले, "कॅलेंडर बघ की."

मी म्हटलं, "कॅलेंडर कशाला? हे काय, आलंच की!"

प्रोग्रॅमनं तारीख दिली आणि मी तडक मामांना फोन करून रोपं सांगितली. प्रोग्रॅमचा फोटो जावयांनाही पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "छान आई," आणि पुढं अंगठा. मी हवेतच होते.

दोन-तीन दिवसांनी धोंड्याचं जेवण होतं. त्या साली अधिक महिना आला होता, आणि लेकीच्या लग्नानंतरचा पहिलाच. मी तेहतीस अनारसे तळले होते, पुरणाचे धोंडे केले होते. जावईबापू पाटावर, शेजारी लेक, दोघांना नवे कपडे. त्या दिवशी जावई म्हणजे साक्षात नारायण, त्याला एक शब्द वावगा बोलायचा नाही. मी तुपाची वाटी घेऊन वाढत होते. हे जावयांशी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "धोंडा आला की बरं असतं. समदं सण ईस दिवस पुढं जात्यात, तयारीला येळ मिळतो."

"खरंय," जावई म्हणाले.

सगळे सण. वीस दिवस. पुढं.

"आगं बया, दसरा!" मी ओरडले आणि तुपाची धार जावयांच्या नव्या विजारीवर गेली. तशीच वाटी खाली आपटून मी भिंतीकडं धावले, कॅलेंडरची पानं उलटली. आमच्या प्रोग्रॅमचा दसरा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आणि कॅलेंडरचा दसरा शेवटाकडं. डब्यावर नाव दसरा, आणि आत भलतंच! आणि कुणाला कळलं नाही? तर तेहतीस अनारसे तळणाऱ्या बाईला! धोंडा आहे म्हणून जावयाला जेवायला बोलवायचं, आणि धोंड्यानं दसरा हलतो हे मात्र विसरायचं. माझ्यासारखी मीच.

"आई," जावई पाटावरून हळूच म्हणाले, "मला ते दिसलं होतं."

"काय दिसलं होतं?"

"तीनशे पासष्ट. फोटोत."

माझा ताबाच सुटला. "दिसलं होतं? आणि मला अंगठा पाठवला? अहो, तुम्हाला काही कळतं का! सासू विहिरीत निघाली तरी तुम्ही छानच म्हणणार? दहा गुंठे जातील माझे!"

धोंड्याच्या जेवणात, नारायणाला, भरल्या ताटावर! लेकीनं डोळे मिटून घेतले. हे म्हणाले, "आगं, जरा..."

जावयांच्या हातात अर्धा अनारसा होता. तो त्यांनी ताटात ठेवला. "तुम्हीच म्हणाला होता, चूक सांगायची नाही. आणि मला वाटलं हे सरावाचं आहे. रोपं सांगितलीत हे मला कुठं माहीत?" मग मान खाली घालून म्हणाले, "खरं सांगू? सासूबाईंना चुकलं म्हणायला तोंडच होत नव्हतं."

मला आधी राग आला, मग एकदम हसू आलं, आणि मग दोन्ही. मी म्हटलं, "आजपासून व्हायला पाहिजे. माझी चूक दिसली की तोंडावर सांगायची, लगेच. ही दुसरी अट, पहिली रद्द." ते हो म्हणाले आणि लगेच म्हणाले, "मग आई, आधी नर्सरीला फोन करा. जेवण पळून जात नाही." बघा, शिकले की!

मामांनी फोन उचलला. ट्रे भरून झाले होते, बी दुसऱ्या दिवशी पडणार होतं. "वैनी, मी म्हणलंच, ह्या बाईला पितरपाटात फुलं कशाला पायजेत? पर तुमी येवढं ठासून सांगितलं, म्हणलं असंल काय तर." म्हणजे त्यांनाही दिसलं होतं! मी हात जोडून, फोनवर जोडले तरी जोडलेच, तारीख पुढं ढकलून घेतली. जीव भांड्यात पडला.

जेवणं आटोपली, विजार बदलून झाली, आणि आम्ही दोघं पडवीत बसलो. मला वाटत होतं अधिक महिना कधी येतो ते सगळं प्रोग्रॅमला शिकवावं. जावई सरळ म्हणाले, "नको आई. पंचांगाचं गणित होतं, पण आपल्याला वर्षात एक तारीख पाहिजे. भिंतीवर बघा आणि हातानं टाका. जे हातानं नीट होतं ते कशाला अवघड करायचं?" मला पटलं. हातानं टाकली.

"आता तपासा," ते म्हणाले. "प्रोग्रॅम बरोबर आहे हे कसं कळणार? ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे ते त्याला विचारायचं. हे लिहिल्या लिहिल्या करायचं असतं. मी सांगायला हवं होतं."

उत्तर ठाऊक असलेलं साल म्हणजे गेलं साल. मी गेल्या सालचा दसरा टाकला आणि बटण दाबलं. प्रोग्रॅमनं लागवडीची तारीख दिली. मग मी गेल्या सालची वही आणली. मला सवय आहे, रानातलं सगळं दोन-दोन शब्दांत लिहून ठेवायची. पान काढलं. प्रोग्रॅमच्या तारखेच्या आदल्या दिवशी माझ्या वहीत लिहिलेलं होतं: रोपं आली. म्हणजे रोपं वेळेवर सांगितली होती! खाली पाच ओळी नुसत्याच, रोपांना पाणी, रोपांना पाणी. मग: ट्रॅक्टर आला. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी: लागवड.

लागवडीच्या दोन्ही तारखा, प्रोग्रॅमची आणि वहीतली, मी प्रोग्रॅममध्ये टाकून वजा केल्या. सहा. फूल दसऱ्याच्या दोन दिवस आधी हवं होतं आणि आलं चार दिवस नंतर. दोन आणि चार, सहा. मी परत केलं. सहाच.

ट्रॅक्टर आप्पांचा. ते दिवस मला लख्ख आठवले. रोपं दारात वाळत होती आणि ट्रॅक्टर खालच्या रानात उसाच्या सऱ्या पाडत होता. ह्यांनी दोनदा विचारलं होतं, आणि आप्पा म्हणाले होते, पाच-सहा दिवसांनी काय आभाळ कोसळत न्हाई. तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं, कारण मोजायला माझ्याकडं काही नव्हतं. वर्षभर मी स्वतःला कोसत होते की माझाच अंदाज चुकला. अहो, नव्हता चुकला! इतका आनंद मला फार दिवसांत झाला नव्हता.

रात्रभर कढ आवरला आणि सकाळी उठून पदर डोक्यावर घेतला. आप्पा ओट्यावर मोटारीची स्टार्टरपेटी उघडून बसले होते. हे शेजारी. मी वही आणि मोबाईल घेऊन समोर उभी राहिले. "आप्पा, मला तुमच्याशी बोलायचंय."

आप्पांनी ह्यांच्याकडं बघितलं. "काय म्हणती ती?" आप्पांनी ह्यांना विचारलं, जशी मी परगावी होते.

"मी म्हणते," मी म्हटलं, "ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी सकाळी मला ट्रॅक्टर लागणार. एक दिवस मागं नाही, एक दिवस पुढं नाही. आणि गेल्या साली माझी रोपं उशिरा आली नव्हती. रोपं दारात होती. ट्रॅक्टर उशिरा आला." मी वही पुढं केली, ओळीवर बोट ठेवलं आणि आकडा सांगणार तेवढ्यात आप्पांनी पेटीचं झाकण लावलं, उठले आणि गोठ्याकडं निघून गेले. वहीकडं बघितलंसुद्धा नाही.

"लई बोललीस," हे म्हणाले.

"अजून राहिलंच की!" मला मनातून फार बरं वाटत होतं.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी मी चूल पेटवत होते तेव्हाच रस्त्याकडून आवाज आला. ट्रॅक्टरवर आप्पा स्वतः. कुणाशी बोलले नाहीत, दहा गुंठ्यांच्या सऱ्या पाडल्या आणि गेले. सोमवारी लागवड. तिथून पुढं माझा प्रोग्रॅम रोज सकाळी मला सांगायचा, भराला इतके दिवस राहिले. मी त्याला जर-तर शिकवलं, म्हणजे अमुक दिवस उरले की शेंडे खुडा, अमुक दिवशी खत. एका ओळीची चूक झाली तर तो तिसऱ्याच दिवशी म्हणाला फुलं तोडा! फोटो पाठवला, आणि जावयांचं उत्तर अर्ध्या मिनिटात: "आई, चुकलंय. सातवी ओळ." मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. मुलगी म्हणाली, तुमच्या दोघांचं फारच जमायला लागलंय.

नवरात्र बसलं. मी दिवसातून चारदा रानात जायची. कळ्या घट्ट. दसऱ्याला पाच दिवस राहिले, कळ्या घट्ट. ह्यांनी विचारणं सोडून दिलं होतं आणि त्यामुळं मला जास्तच धडकी भरायची. मोबाईलवरचे आकडे खोटं बोलत नव्हते, पण फुलांना थोडंच वाचता येतं! आणि मग तीन दिवस राहिले असताना सकाळी धुकं हललं आणि बघते तर रान पेटलेलं! अख्खं! मी बांधावर एकटीच टाळ्या वाजवत उभी होते.

दोन दिवस आम्ही नुसते तोडत होतो. शेजारच्या चार बाया, मी, लेक. जावयांनी सुट्टी काढली होती. खंडेनवमीला शिक्रापूरच्या चौकात आम्ही कॅरेट मांडले. कंपन्यांत मशीनची पूजा, रस्त्यावर ट्रकांची पूजा, जो तो झेंडूच मागतोय. "भाभी, पूरी गाडी सजानी है, अच्छेवाले देना!" ड्रायव्हर लोक रांग लावून उभे. दसऱ्याच्या सकाळी दहापर्यंत तळाच्या पाकळ्यासुद्धा उरल्या नाहीत. घसा बसला होता, पाय सुजले होते, आणि जीपमधून घरी येताना मी सगळ्या रस्त्याभर हसत होते.

संध्याकाळी सोनं वाटायला सगळी भावकी आमच्या ओट्यावर जमली. आप्पा मधे बसले होते. धाकटे येत होते, आपट्याची पानं देत होते, पाया पडत होते. माझी पाळी आली. मी सोनं त्यांच्या हातावर ठेवलं आणि वाकले, तर आप्पांनी पाय मागं घेतले.

"थांब," ते म्हणाले. ह्यांच्याकडं बघून नाही, माझ्याकडं बघून. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

"तू पाया पडू नगंस आज," आप्पा म्हणाले. मग भावकीकडं वळले. "समद्यांनी ऐका. गेल्या साली हिचा अंदाज चुकला न्हवता. ट्रॅक्टर मी आडवला. सहा दिवस आडवला. धा गुंठं आजपासून हिचं, कुणी इचारायचं न्हाई."

लेकीनं मला घट्ट धरलं. हे डोळे पुसत होते आणि मला म्हणत होते, अगं रडतेस काय, हस की. मी दोन्ही करत होते. कुणीतरी पेढे फिरवले, पोरं ओरडायला लागली, आणि त्या गडबडीत माझ्या एकदम लक्षात आलं. सहा हा आकडा मी आप्पांना कधी सांगितलाच नव्हता, म्हणजे ते दिवस त्यांनी गेल्या सालीच मोजून ठेवले होते.